तुलना कोणाशी?

समर्थक : एचआयव्हीचा मेंदूवर परिणाम होतो की नाही, हा प्रश्न आता वादाचा उरलेला नाही. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच हा विषाणू मेंदूपर्यंत पोचतो. तेथे तो विचाराचे काम करणाऱ्या चेतापेशींत शिरत नाही, तर मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशींत आणि रक्तातून आलेल्या भक्षकपेशींत ठाण मांडतो, आणि त्या पेशींतून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे आसपासच्या चेतापेशी हळूहळू दुबळ्या होतात. १९९६ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली आणि पूर्वी दिसणारा तीव्र स्मृतिभ्रंश दुर्मिळ झाला, तरी सौम्य कमतरता मात्र मागे राहिली. अमेरिकेतील ‘चार्टर’ या अभ्यासात १,५५५ जणांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक लोकांच्या बोधनक्षमतेत, म्हणजे लक्ष देणे, लक्षात ठेवणे, शब्द शोधणे, बेत आखणे, हाताचा वेग राखणे या क्षमतांच्या समुच्चयात, उणीव आढळली. या आजाराचा भार सर्व समाजांवर सारखा नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचा वाटा सुमारे १२ टक्के असताना नव्या निदानांपैकी एक तृतीयांशाहून अधिक निदाने त्यांच्यात होतात, आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेशी मूळ सांगणाऱ्या, समाजाचा वाटा सुमारे एक पंचमांश असताना त्यांच्यातील निदानांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास गेले आहे. शिवाय औषधांमुळे आयुष्य वाढल्याने तेथे एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आता पन्नाशीपुढचे आहेत, आणि वार्धक्य स्वतःचा वाटा मागणारच. अशा स्थितीत प्रत्येकाची बोधनक्षमता आणि मनःस्थिती वेळेवर तपासली जावी, यात आक्षेपार्ह काय असू शकते?

शंकाकार : आक्षेप तपासणीवर नाही, तपासणीनंतर चिकटणाऱ्या शिक्क्यावर आहे. ‘निम्म्याहून अधिक’ हा आकडा ज्या नियमाने निघाला तो आधी पाहावा. इटलीतील फ्रास्काती या गावाच्या नावाने ओळखले जाणारे आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निकष असे सांगत की, निदान दोन क्षमताक्षेत्रांत एखाद्याचे गुण सरासरीच्या एका प्रमाण विचलनाहून खाली असतील तर त्याला कमतरता आहे असे धरावे. प्रमाण विचलन म्हणजे सरासरीभोवती माणसे किती पसरलेली आहेत याचे माप. नेहमीच्या वितरणात दर शंभर निरोगी माणसांतली सोळा कोणत्याही एका क्षेत्रात या रेषेच्या खाली असतातच. दर शंभरात सोळा जणांना नापास करणारी परीक्षा सात विषयांत घेतली, तर दोन विषयांत नापास होणारे वर्गात पुष्कळ निघतील आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीच झालेले नसेल. स्वीडिश आणि अमेरिकन संशोधकांनी २०११ मध्ये नेमके हेच दाखवून दिले, की या नियमाने सुमारे एक पंचमांश निरोगी लोकही कमतरतेच्या रकान्यात जाऊन बसतात. चार्टरचा आकडा फोडून पाहिला तरी तेच दिसते : इतर आजारांची फार मोठी गुंतागुंत असलेले वगळता उरलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोक असे होते की ज्यांच्या रोजच्या जगण्यात काहीही बिघडलेले नव्हते, आणि खऱ्या स्मृतिभ्रंशाचे लोक होते अवघे २ टक्के. ज्या माणसाने आधीच एका निदानाचा कलंक वर्षानुवर्षे लपवत वागवला आहे, त्याला ‘मेंदूतही उणीव आहे’ असे सांगणे ही भावनिक स्वास्थ्याची सेवा म्हणता येईल काय?

समर्थक : हा आक्षेप शास्त्राने बाहेरून ऐकला नाही, तो शास्त्राच्या आतूनच उठला, आणि त्याचा परिणामही झाला आहे. २०२३ मध्ये या विषयातील आंतरराष्ट्रीय कार्यगटाने जी नवी मांडणी केली, तिच्यात चाचणीतले कमी गुण आणि कमतरता या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. निव्वळ कमी गुणांवरून निदान करू नये, व्यक्तीची तक्रार, तिचा इतिहास, इतर आजार आणि रोजचे कामकाज या सर्वांसह ते करावे, असे म्हटले. मात्र एक गोष्ट उरते. निरोगी तुलनागटात जेवढे लोक रेषेखाली जातात, त्याहून अधिक लोक एचआयव्हीच्या गटात जातात, आणि ते अधिक किती, हे ठरवण्यासाठी तुलनागट लागतोच.

शंकाकार : आता वाद योग्य जागी आला. तुलनागट कोणता? चाचणीचे कोरे गुण काहीच बोलत नाहीत. वय, लिंग, शिक्षणाची वर्षे आणि अमेरिकेत वंशदेखील विचारात घेऊन ‘तुमच्यासारख्या’ निरोगी लोकांच्या सरासरीशी ते ताडून पाहिले जातात, आणि या ताडण्याच्या कोष्टकांना प्रमाणके म्हणतात. कृष्णवर्णीय प्रौढांसाठी स्वतंत्र प्रमाणके २००४ मध्ये आली. त्यांच्यामागचा हेतू वाईट नव्हता, कारण गोऱ्यांच्या सरासरीशी ताडले असता कितीतरी निरोगी कृष्णवर्णीय माणसे आजारी ठरत होती. पण त्याच कोष्टकांचे पुढे काय झाले ते अमेरिकन फुटबॉलच्या प्रकरणात सर्वांनी पाहिले. डोक्याला वारंवार मार बसून स्मृतिभ्रंश झालेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देण्याची व्यवस्था झाली होती, आणि तिच्यात वंशनिहाय प्रमाणके वापरली जात असल्याने कृष्णवर्णीय खेळाडूची मूळ पातळीच खालची धरली जाई. परिणामी तेवढेच गुण मिळवलेला गोरा खेळाडू पात्र ठरे आणि कृष्णवर्णीय खेळाडू, त्याची घसरण ‘त्याच्या लोकांच्या मानाने’ फारशी नाही म्हणून, अपात्र ठरे. खेळाडू न्यायालयात गेले, गदारोळ झाला, आणि २०२१ मध्ये ती पद्धत सोडून देण्याचे जाहीर झाले. गणित दोन्हीकडे एकच होते. दवाखान्यात ज्या बेरीज-वजाबाकीने खोट्या निदानापासून संरक्षण दिले, तिनेच भरपाईच्या कार्यालयात हक्क काढून घेतला. मूत्रपिंडाची क्षमता मोजण्याच्या सूत्रातूनही वंशाचा गुणक २०२१ मध्ये काढून टाकण्यात आला; मग मेंदूच्या मोजणीतच तो का राहावा?

समर्थक : तो तसाच राहावा, असे येथे कोणाचे म्हणणे नाही. वंश हे कारण नव्हे, दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभे केलेले चिन्ह आहे, आणि ते दुसरे काहीतरी शोधून काढणे हेच काम आहे. न्यूयॉर्कमध्ये जेनिफर मॅनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्धांच्या चाचण्यांना वंशाऐवजी वाचनाच्या पातळीची जोड दिली, तेव्हा कृष्णवर्णीय आणि गोऱ्या वृद्धांमधील बराचसा फरक विरघळून गेला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या ठेवलेल्या, कमी पैशांच्या, कमी दिवस भरणाऱ्या शाळांत काढलेली आठ वर्षे आणि गोऱ्यांच्या सुस्थितीतल्या शाळेत काढलेली आठ वर्षे कागदावर सारखी दिसतात, पण वाचनात सारखी उतरत नाहीत. त्याचप्रमाणे ‘लॅटिनो’ हे एकच खोके नाही. अमेरिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्या लॅटिनोंची पोर्टो रिकोचे मूळ असलेले आणि मेक्सिकोचे मूळ असलेले अशी विभागणी केली, तेव्हा पहिल्या गटात बोधनक्षमतेची कमतरता अधिक दिसली, आणि भाषा एक असूनही स्थलांतराचा इतिहास, गरिबी आणि सहआजार वेगळे असल्याने तसे होणे स्वाभाविक होते.

भाषेचा मुद्दा तर मराठी वाचकाच्या अगदी दारातला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील आणि सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी मिळून मराठीतून घेतलेल्या चाचण्यांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्यातल्या १७४ मराठीभाषकांची हिंदी किती चांगली आहे, हे त्यांना विचारून त्याची चाचण्यांतील कामगिरीशी सांगड घातली, तेव्हा असे आढळले की हिंदी जितकी अधिक येते तितकी एका कामावरून दुसऱ्या कामावर लक्ष वळवण्याची आणि चुकीचे उत्तर जिभेवर येता येता रोखण्याची क्षमता अधिक दिसते. नामे आठवून सांगण्यातही फायदाच दिसला. इंग्रजी आणि स्पॅनिश या जोडीवरून बांधलेली अपेक्षा उलट होती, की दोन भाषा येणाऱ्याला शब्द आठवताना थोडा तोटा होतो; पण मराठी आणि हिंदी यांच्या नामांत इतका सारखेपणा आहे की येथे तो तोटा दिसलाच नाही. म्हणजे प्रमाणके परकी घेऊन चालत नाहीत, ती जागच्या जागी आणि बारकाईने तयार करावी लागतात. यावरून मोजमाप सोडून द्या असे निघत नाही, अधिक काळजीने मोजा असेच निघते.

शंकाकार : काळजीने मोजण्याला मर्यादा आहे, आणि ती तांत्रिक नाही. वाचनाची पातळी जमेस धरली की फरक विरघळतो हे खरे. पण विरघळला म्हणजे तो नव्हताच असे नाही. वाईट शाळेने वाचन बिघडवले, तसाच मेंदूचा साठाही कमी भरला असेल, म्हणजे आघात झेलूनही काम चालू ठेवण्याची जी गंगाजळी शिक्षणातून आणि अनुभवातून साठते तीच अपुरी राहिली असेल, तर विषाणूचा तेवढाच मारा त्या माणसाला अधिक लागेल. मग वाचनाचा हिशेब वजा करणे म्हणजे जी इजा खरोखर झाली आहे तीच वजा करणे होय. आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याविषयी झिजण्याची जी कल्पना मांडली तिचा आशय हाच आहे : उन्हापावसात उघड्यावर राहिलेले लाकूड जसे लवकर जुने होते तसे अपमान, टंचाई आणि सततची सावधगिरी यांत काढलेले शरीर वयाच्या आधी म्हातारे होते. अशा शरीराची तुलना तशाच झिजलेल्या शरीरांशी केली तर सारे काही ‘सामान्य’ दिसेल, आणि न झिजलेल्यांशी केली तर जे विषाणूने केलेले नाही तेही विषाणूच्या खात्यावर पडेल. आपल्या बारकाईच्या प्रमाणकांना या दोहोंपैकी कोणती चूक परवडते, हे गणित सांगू शकत नाही.

समर्थक : म्हणूनच तर कारणे सुटी करून पाहण्याचा आग्रह आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २००१ मध्येच दिसून आले होते. नैराश्याने लक्ष विस्कटते, आठवण मंदावते, हालचाल जड होते. तेव्हा चाचणीआधी मनःस्थितीची प्रश्नावली भरून घ्यावी, नैराश्याचा भाग बाजूला काढावा आणि उरेल तो मेंदूचा प्रश्न समजावा, हा क्रम सरळ आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, दारू, कावीळ यांच्याबाबतीतही हेच करता येते, आणि यांतील बहुतेक गोष्टींवर उपचार आहेत, हा त्यातला सर्वांत आशादायक भाग.

शंकाकार : तांदळातून खडे निवडावेत तसे नैराश्य निवडून बाजूला ठेवता येईल, हे गृहीतच डळमळीत आहे. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीकडे पाहावे. तिच्यात झोप, थकवा आणि भूक यांविषयी प्रश्न आहेत, आणि या तिन्ही तक्रारी विषाणूमुळे किंवा औषधांमुळेही होतात. तिच्यात लक्ष लागत नाही का असाही एक प्रश्न आहे, म्हणजे ज्या गोष्टीपासून नैराश्य वेगळे काढायचे तीच नैराश्याच्या गुणांत मिळवलेली आहे. दुसरी गुंतागुंत उदासीनतेची. हा विषाणू मेंदूच्या खोल भागातील ज्या गाठींना आणि त्यांच्या पुढच्या भागाशी असलेल्या जोडण्यांना विशेष धक्का लावतो, तेथूनच माणसाला उठून काही करण्याची प्रेरणा मिळते. ती प्रेरणा मंदावलेला माणूस दुःखी नसतो, पण बाहेरून खचलेलाच दिसतो, आणि प्रश्नावली त्याला नैराश्याच्या रकान्यात टाकते.

मग उलटा प्रवाहही आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या आणि ज्यात कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे अशा स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासात, आयुष्य हाताबाहेर चालले आहे अशी ताणाची जाणीव आणि शब्दांची आठवण यांचा संबंध तपासला गेला. ताण जास्त तिथे आठवण कमी, हे नाते संसर्ग नसलेल्या स्त्रियांपेक्षा संसर्ग असलेल्या स्त्रियांत अधिक ठळक निघाले. आता त्या स्त्रीचा ताण वजा करून उरलेली आठवण मोजायची, तर नेमके काय मोजले जाईल? ताण हा येथे मोजणीत मिसळलेला कचरा नसून तो इजेच्या वाटेचाच एक टप्पा असेल, तर त्याला बाजूला काढणे ही स्वच्छता नव्हे, पुरावा नष्ट करणे आहे.

आणि औषध? एफाविरेन्झ ही गोळी अनेक वर्षे जगभर, भारतातही, पहिल्या पसंतीची होती. चक्कर, भीतीदायक स्वप्ने, उडालेली झोप, खिन्नता हे तिचे ठाऊक असलेले दुष्परिणाम. शरीरातून ती काढून टाकणारे वितंचक ज्या जनुकातून येते, त्याचा एक मंद प्रकार दोन्ही प्रतींत असलेले लोक आफ्रिकन-अमेरिकनांत सुमारे २० टक्के आणि युरोपीय वंशाच्यांत सुमारे ३ टक्के, असे २००४ मध्ये आढळले. भारतीयांतही तो दुर्मिळ नाही. त्या काळात एखादा कृष्णवर्णीय रुग्ण रात्र रात्र जागून दुसऱ्या दिवशी चाचणीला बसला आणि मागे पडला, तर ते वंशाच्या खात्यावर गेले, नैराश्याच्या की विषाणूच्या? खरे तर ते गोळीच्या मात्रेचे होते.

(या संवादात आतापर्यंत गप्प असलेली एक व्यक्ती येथे बोलू लागते. दोन्ही पक्ष तिला तज्ज्ञ मानत नाहीत, आणि कदाचित म्हणूनच तिचे ऐकायला हवे.)

समुपदेशिका : दोन्ही पक्षांनी आतापर्यंत रुग्णाला मोजले, रुग्ण स्वतः काय म्हणतो, ते अजून आलेले नाही. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रात येणारी बाई ‘नैराश्य आले आहे’ असे सांगत नाही. ती म्हणते टेन्शन आहे, मन लागत नाही, जिवाला घोर आहे, डोकं बधिर झालंय. न्यूयॉर्कमधली स्पॅनिशभाषक बाई ‘नेर्विओस’ म्हणते, म्हणजे शिरा ताणल्यासारखे होणे, थरथरणे, रडू कोसळणे, आणि त्यात शरीर आणि मन यांची वाटणी मुळातच केलेली नसते. या शब्दांचे भाषांतर प्रश्नावलीच्या भाषेत करताना काय गळून जाते, याची नोंद गुणपत्रिकेत नसते. दुसरी गोष्ट अशी की, ‘विसरायला होते’ अशी तक्रार आणि चाचणीतली आठवण यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. तक्रारीचे नाते आठवणीपेक्षा मनाच्या खचलेपणाशी अधिक असते, हे संशोधनातही वारंवार दिसले आहे. ज्याची आठवण खरोखर गेली तो कित्येकदा तक्रार करतच नाही, तक्रार घेऊन येते ती त्याच्या घरातली माणसे. आणि ज्याने घरात आजार सांगितलेलाच नाही, त्याच्या वतीने तक्रार घेऊन येणारेही कोणी नसते. तेथे एकाकीपण ही भावनिक अवस्था राहत नाही, ते निदानाच्या आड येणारी भिंत होते.

राहिला वेळेचा प्रश्न. संपूर्ण चाचणीसंचाला दोन-तीन तास आणि शिकलेला परीक्षक लागतो. म्हणून अमेरिका आणि युगांडा यांत तपासून २००५ मध्ये आणलेली छोटी चाचणी वापरतात : बोटे भराभर आपटायची, हाताच्या तीन हालचाली ठरलेल्या क्रमाने करायच्या आणि चार शब्द लक्षात ठेवून शेवटी सांगायचे, एकूण गुण बारा, दहा किंवा कमी आले तर पुढे पाठवायचे. ती भाषेवर फारशी अवलंबून नाही हा तिचा गुण. पण जिने आयुष्यभर खुरपे धरले आणि घड्याळासमोर कधीच परीक्षा दिली नाही, तिच्यासाठी ‘भराभर’ या शब्दाचा अर्थच वेगळा असतो. कित्येकदा ती बोटे आपटण्याआधी विचारते, हे कशासाठी, पास झाले नाही तर गोळ्या बंद होतील का?

समर्थक : ही भीती खरी आहे आणि तिचा परिणाम गुणांवरही होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले, की ज्या कृष्णवर्णीयांनी आयुष्यात पुष्कळ भेदभाव अनुभवल्याचे सांगितले, त्यांची आठवणीच्या चाचणीतली कामगिरी परीक्षक गोरा असताना उतरली. या परिणामाच्या मुळाशी असलेल्या सिद्धान्तावर, म्हणजे ‘आपल्या समाजाबद्दलचा वाईट समज आपण खरा ठरवू’ या धास्तीने कामगिरी घसरते या १९९५ मधल्या मांडणीवर, पुढे बऱ्याच शंका निघाल्या आणि काही प्रयोग पुन्हा करून पाहता तसे निकाल आले नाहीत, हेही सांगायला हवे. तरी एवढे मान्य करावे लागते, की चाचणी ही दोन माणसांमधली भेट आहे.

एवढे मान्य केल्यावर या चर्चेतून जे हाती लागते ते असे. ‘तुलना कोणाशी’ हा प्रश्न एक नसून तीन आहेत. पहिला, हा माणूस स्वतःच्या पूर्वीच्या मानाने घसरला आहे काय. त्याला त्याच्यासारख्याच शाळेतून, भाषेतून आणि गरिबीतून आलेल्यांचे प्रमाणक हवे, कारण ते त्याच्या पूर्वस्थितीचा अंदाज देते. दुसरा, त्याला गोळ्यांच्या वेळा पाळणे, हिशेब ठेवणे, वाहन चालवणे जमेल काय. तेथे कोणताही गट उपयोगाचा नाही, तेथे कामाचीच कसोटी हवी, कारण चुकलेली गोळी कोणाचा वंश पाहत नाही, आणि गोळी चुकली की विषाणू वाढतो, विषाणू वाढला की आठवण आणखी जाते. तिसरा, त्याच्यावर समाजाने काय लादले. तेथे तुलना ज्यांच्यावर ते लादले गेले नाही त्यांच्याशीच व्हायला हवी. आजवर या तिन्ही प्रश्नांना एकाच आकड्याने उत्तर दिले गेले, आणि फुटबॉलच्या प्रकरणात पहिल्या प्रश्नाचा आकडा उचलून नुकसानभरपाईच्या प्रश्नावर चिकटवला गेला.

शंकाकार : ही फोड मान्य करायला हरकत नाही; किंबहुना आधीचा अर्धा वाद तिच्याअभावी झाला. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर अजूनही उसन्या आधारावर उभे आहे. ‘त्याच्यासारखे’ कोण, हे ठरवताना पुन्हा वर्गवारी येते, आणि प्रत्येक वर्गवारीच्या आत आणखी एक निघते. पुण्यात मराठीतून तयार झालेले प्रमाणक मराठी शाळेत शिकलेल्याला लागू पडेल. ज्याच्या घरी पावरी किंवा गोरमाटी बोलतात आणि जो मराठी बाजारात शिकला, त्याला मराठी शब्दांची यादी देऊन पुन्हा म्हणायला लावले, तर त्याची आठवण मोजली जाईल की त्याची मराठी? अमेरिकेतल्या ‘वंशा’ची जागा येथे जात, जमात आणि बोली घेतात, आणि ‘मागास गटाच्या मानाने ठीक आहे’ असे वाक्य येथे किती सहजपणे लिहिले जाईल, हे सांगायला नको.

समुपदेशिका : आणि ते वाक्य लिहिल्यावर त्या माणसाला कोणी विचारणार नाही की झोप लागते का.

समर्थक : यावर एक उपाय आहे. निदान झाल्याच्या दिवशीच, औषध सुरू होण्याआधी, प्रत्येकाची पहिली चाचणी त्याच्याच भाषेत घ्यावी, सोबत मनःस्थितीही त्याच्याच शब्दांत नोंदवावी, आणि पुढची प्रत्येक तुलना त्याची त्याच्याशीच करावी. मग गटाची गरज उरणार नाही, वंशाची नाही, वाचनाच्या पातळीचीही नाही.

शंकाकार : उपाय चांगला आहे, पण निदानाचा दिवस हा संसर्गाचा दिवस नव्हे. तोवर विषाणू मेंदूत पोचून महिने, कित्येकदा वर्षे झालेली असतात, आणि निदान ऐकल्याच्या दिवशी कोणाचे मन चाचणीच्या लायक असते, हेही पाहावे लागेल. खरी पूर्वस्थिती म्हणजे संसर्गाआधीची नोंद. तशी नोंद फार थोड्या ठिकाणी आहे. त्यांपैकी जुनी आणि मोठी म्हणजे १९८४ मध्ये बाल्टिमोर, शिकागो, पिट्सबर्ग आणि लॉस एंजेलिस या चार शहरांत समलिंगी व उभयलिंगी पुरुषांचा जो अभ्यास सुरू झाला तिथली, कारण त्यातल्या काहींची चाचणी आधी झाली आणि संसर्ग नंतर झाला. त्या अभ्यासात पहिल्यांदा दाखल झालेल्यांमध्ये बहुसंख्य पुरुष गोरे होते आणि महाविद्यालयात शिकलेले होते.